रोबो व्हॅक्यूम घ्यायचा का? आधी घराला विचारा, मग खिशाला

हेडफोन लावून ऐकत असाल तर छानच, आणि बसमध्ये, लोकलमध्ये उभ्या उभ्या हा मजकूर वाचत असाल तर तेही छान. आजच्या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना झालेलं अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकलीय, बाकी गप्पा आहेत तशाच आहेत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. ऑनलाइन सेल जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, रोबो व्हॅक्यूम घेऊ का? कुठला घेऊ?" आणि माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: "घर कसं आहे तुमचं?" लोकांना वाटतं मी टाळतेय. पण खरंच, फोन घेताना फोन बघितला की भागतं. हे यंत्र घेताना आधी घर बघावं लागतं. एकच मॉडेल एका घरात रोज गुपचूप काम करतं, आणि दुसऱ्या घरात तीन आठवड्यांनी सोफ्याखाली धूळ खात पडतं. धूळ खाणं हेच त्याचं काम, पण अशा अर्थानं नव्हे!

तर आज "टॉप पाच मॉडेल" वगैरे नाही. आज आपण ठरवायचंय की हे यंत्र तुमच्या घराला मानवेल का. पंचवीस-तीस हजार हा काही छोटा आकडा नाही. नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसाचा तो महिन्याचा पगारही असू शकतो.

हे यंत्र नक्की करतं काय?

थोडा इतिहास, अगदी चमचाभर. घरगुती रोबो व्हॅक्यूम बाजारात आला २००१ साली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचा तो ट्रायलोबाइट. पण गाजला तो त्याच्या पुढच्या वर्षी, २००२ मध्ये आलेला रूम्बा. तो बनवला अमेरिकेतल्या आयरोबॉट कंपनीने, जी एमआयटीमधल्या तिघांनी १९९० साली सुरू केली होती. सुरुवातीच्या रूम्बाला घराचा नकाशा वगैरे काही कळायचा नाही. भिंतीला आपटला की वळायचा, परत कुठेतरी आपटायचा. आंधळ्या कोशिंबिरीसारखं. भरपूर वेळ फिरल्यावर बहुतेक खोली झाडून व्हायची, एवढंच.

आज बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, स्वस्तातला. चाकं किती फिरली आणि आपण किती वळलो याचा अंदाज घेत तो सरळ रेषांत फिरतो. एका खोलीत ठीक. तीन खोल्यांत गोंधळतो, आणि तुम्ही मध्येच उचलून दुसरीकडे ठेवलात तर आपण कुठे आहोत हेच विसरतो.

दुसरा, कॅमेऱ्यावर चालणारा. छताचे कोपरे, दाराच्या चौकटी, फर्निचर यांच्या खुणा धरून तो आपली जागा ओळखतो. याला उजेड लागतो. पडदे ओढून, दिवे बंद करून तुम्ही ऑफिसला गेलात तर याची अडचण होऊ शकते.

तिसरा, लेझरवाला, म्हणजे लायडार. डोक्यावर छोटा गोल उंचवटा असतो, त्यात लेझर गरागरा फिरतो आणि भिंत किती लांब आहे हे मोजत राहतो. याला अंधाराचं काही वाटत नाही, आणि नकाशाही सहसा सगळ्यात नीट याच्याकडेच मिळतो. पण जमिनीपर्यंत टेकलेला मोठा आरसा किंवा काच असेल तर हा फसू शकतो, कारण लेझर परावर्तित होतो आणि त्याला पलीकडे आणखी एक खोली आहे असं वाटतं. शिवाय त्या उंचवट्यामुळे उंची वाढते, आणि ती का महत्त्वाची हे आता सांगते.

पोटाखाली सगळ्यांचं सारखंच. कडेला एक-दोन फिरते ब्रश, ते कोपऱ्यातला केर आत लोटतात. मध्ये एक रोलर ब्रश. मागे हवा ओढणारा पंखा आणि केराचा छोटा डबा. आणि कडेला खाली बघणारे इन्फ्रारेड सेन्सर, जिन्यावरून पडू नये म्हणून. ते जमिनीवर किरण सोडतात. किरण परत आला नाही की "पुढे खड्डा आहे" असं समजून थांबतात. आता गंमत बघा. अगदी काळी फरशी किंवा काळा गालिचा असेल तर किरण शोषला जातो आणि काही यंत्रं तिथे खड्डा समजून अडून बसतात. घरात काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा असेल तर हे लक्षात ठेवा.

परातीची परीक्षा

आता घराची परीक्षा. हिला एक रुपया लागत नाही.

स्वयंपाकघरातली कणीक मळायची मोठी परात घ्या. बहुतेक रोबो व्हॅक्यूमचा व्यास ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो, परातही साधारण त्याच मापाची असते. पट्टीने मोजून घ्या. आता ही परात जमिनीवर पालथी घालून घरभर सरकवा. हसू नका, खरंच करून बघा. जिथे परात जात नाही, तिथे रोबो जाणार नाही.

डायनिंग टेबलखाली जा. खुर्च्यांच्या पायांमध्ये परात शिरते का? नुसती शिरून उपयोग नाही, वळायला जागा हवी, म्हणजे ४० सेंटीमीटर तरी मोकळे हवेत. नाहीतर रोज खुर्च्या टेबलावर उलट्या करून ठेवायच्या, जसं हॉटेल बंद करताना करतात.

मग उंची. लेझरवाल्याची उंची साधारण ९.५ ते १० सेंटीमीटर, उंचवटा नसलेल्याची ८ च्या आसपास. पट्टी घेऊन सोफा, दिवाण, कपाट, पलंग यांच्या खालची फट मोजा. ११ सेंटीमीटर असेल तर निर्धास्त. ९ असेल तर लेझरवाला बाहेरच राहणार. आणि नेमकी साडेनऊ-दहा असेल तर सगळ्यात वाईट, कारण तो आत घुसून अडकण्याची भीती. आणि हो, पलंगाखाली बॅगा, लग्नातली भांडी आणि जुनी पुस्तकं कोंबलेली असतील तर उंची मोजून काय करणार?

तिसरं, उंबरा. साधारण २ सेंटीमीटरपर्यंतचा अडथळा बरीच यंत्रं ओलांडतात. काही नवी, महागडी यंत्रं त्याहून जास्त चढतात, पण त्यांची किंमतही चढलेली असते. नव्या फ्लॅटमध्ये बेडरूमला उंबरा नसतो, पण बाल्कनी आणि बाथरूमला पायरी असते. जुन्या वाड्यात, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात दर दाराला चांगला उंच लाकडी उंबरा. तिथे रोबो प्रत्येक खोलीत तुम्हीच उचलून न्यायचा. मग तो रोबो कसला, कडेवरचं बाळच ते.

परीक्षा संपली की अंदाज घ्या. परात घराच्या किती जमिनीवर फिरली? पाऊण भागापेक्षा जास्त असेल तर पुढे वाचा. निम्म्याहून कमी असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, पैसे वाचले.

आपण जमिनीवर राहणारी माणसं

या यंत्रांच्या जाहिराती बघा. मोकळा हॉल, एक सोफा, एक कुंडी. आपल्या घरात जमीन ही राहायची जागा असते. आपण खाली बसून भाजी निवडतो, पाहुणे आले की गाद्या घालतो, मुलं खाली बसून अभ्यास करतात. जमिनीवर चटई असते, सतरंजी असते, पायपुसणं असतं, चार्जरच्या वायरी असतात.

रोबोचे खरे शत्रू हेच. पातळ पायपुसणं तो ओढत नेतो. सतरंजीचे गोंडे रोलरमध्ये गुंडाळतो. चार्जरची वायर ब्रशमध्ये ओढली गेली तर तुमचा फोन टेबलावरून खाली. काही मॉडेलमध्ये समोर कॅमेरा असतो, तो वायर, चप्पल, मोजे ओळखून वळसा घालतो. पण शंभर टक्के भरवसा ठेवू नका. घरात कुत्रं-मांजर असेल आणि त्याला घरात घाण करायची सवय असेल, तर रोबोला एकटं सोडूच नका. पुढचं वर्णन मी करत नाही, तुम्ही जेवत असाल.

लांब केसांचा मुद्दा वेगळा. घरात लांब केसांची दोन माणसं असतील तर आठवड्याला एकदा रोलर काढून कात्रीने केस कापावे लागतात. मी हे दर रविवारी करते. दहा मिनिटं जातात. जमतं, पण "आता काही करायलाच नको" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि एक मुद्दा सुरक्षेचा, जो कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला दिसला नाही. आपल्याकडे देवघर बऱ्याचदा खालीच असतं. समई, निरांजन, उदबत्ती जमिनीवर. गणपतीत तर हॉलमध्येच. रोबो समईला धडकला तर? म्हणून ॲपमधल्या नकाशावर देवघराभोवती "नो-गो झोन" आखून ठेवा, आणि सणाच्या दिवसांत त्याचं वेळापत्रक बंदच ठेवा. ज्या यंत्राला नकाशा नाही, नो-गो झोन नाही, ते अशा घरात नकोच. दिवाळीत रांगोळीच्या आसपासही सोडू नका. चित्र पुसलं जाईल ते जाईलच, शिवाय ती बारीक पूड फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि ओढ कमी होते.

केर काढणं वेगळं, लादी पुसणं वेगळं

आजकाल बरीच यंत्रं "टू इन वन" असतात. म्हणजे मागे पाण्याची छोटी टाकी आणि ओलं फडकं. हे फडकं फरशीवरून फिरतं, बारीक धूळ टिपतं. पण लादी पुसणं म्हटलं की तुमच्या आईच्या डोळ्यासमोर जे येतं, ते हे नाही. मावशी चहाचा वाळलेला डाग दिसला की हाताचा जोर लावतात, फडकं पिळतात, पाणी बदलतात. साधा रोबो एकच फडकं घरभर ओढत नेतो. स्वयंपाकघरातला तेलकटपणा हॉलपर्यंत पोचवण्याची सोय!

महागड्या यंत्रांत फिरणारी दोन गोल फडकी असतात, आणि त्यांचं स्टेशन ती फडकी धुतं, गरम हवेने वाळवतं. हे खरंच बरंच चांगलं काम करतं. पण ते स्टेशन छोट्या कपाटाएवढी जागा खातं, त्याची खराब पाण्याची टाकी तुम्हालाच ओतावी लागते, आणि किंमत पन्नास हजारांच्या पुढे जायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात साध्या यंत्राचं ओलं फडकं तसंच चिकटवून ठेवलं तर वास मारतं, हेही सांगून ठेवते.

आणि एक नियम पक्का: सांडलेलं पाणी, दूध, वरण यावरून व्हॅक्यूम कधीही फिरवायचा नाही. पाणी आत गेलं की मोटर बिघडते, आणि अशा बिघाडाला वॉरंटी मिळेलच असं नाही.

पास्कलचा आकडा किती मनावर घ्यायचा?

जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं: ५,००० पास्कल, ८,००० पास्कल, १०,००० पास्कल. हे काय? पास्कल हे दाबाचं एकक आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ लाख पास्कल असतो. म्हणजे ५,००० पास्कलची ओढ म्हणजे त्याच्या सुमारे पाच टक्के. सोपं करून सांगते. अर्धा मीटर लांब उभ्या स्ट्रॉमधून पाणी ओठांपर्यंत ओढायला साधारण ५,००० पास्कल लागतात.

पण केर उचलायला नुसती ओढ पुरत नाही, हवाही वाहावी लागते. स्ट्रॉचं तोंड बोटाने बंद करून ओढलंत तर ओढ जास्तीत जास्त, आणि आत येतं काय? काहीच नाही. म्हणून नुसत्या पास्कलवर दोन यंत्रांची तुलना करू नका. शिवाय तो आकडा सगळ्यात जास्त वेगाचा असतो. त्या वेगावर बॅटरी लवकर संपते आणि आवाजही वाढतो.

आपल्याकडे जमीन म्हणजे टाइल, मार्बल, कोटा, शहाबादी. गालिचे कमी. गुळगुळीत जमिनीवरची धूळ आणि केस उचलायला दोन-अडीच हजार पास्कलही पुरतात. आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा नकाशा नीट करणारं, फिल्टर धुता येणारं आणि सुटे भाग मिळणारं यंत्र घ्या.

आता खिशाचा हिशेब

उदाहरण म्हणून धरू. यंत्र ३०,००० रुपयांना. चार वर्षं चाललं असं समजू. म्हणजे महिन्याला ६२५ रुपये. फिल्टर, कडेचे ब्रश, फडकी यांना वर्षाला ३,००० धरले, तर महिन्याला २५०. झाले ८७५. मध्येच बॅटरी बदलावी लागली तर आणखी. लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकायला लागते, हे आपल्याला फोनवरून माहीतच आहे.

विजेची काळजी मात्र करू नका. १४.४ व्होल्टची ५,२०० एमएएच बॅटरी म्हणजे साधारण ७५ वॉट-अवर. म्हणजे पूर्ण रिकामी झालेली बॅटरी भरायला एक युनिटच्या दहाव्या भागाच्या आसपास. रोज चालवलं तरी महिन्याला तीन-चार युनिट. फडकी गरम हवेने वाळवणारं स्टेशन असेल तर जास्त.

आता वेळेचा हिशेब. आठवडाभर घड्याळ लावा. केर काढायला रोज किती मिनिटं लागतात? आणि रोबोसाठी जमीन मोकळी करायला, वायरी उचलायला, खुर्च्या सरकवायला किती लागतील? माझ्या पुण्यातल्या दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात केर काढायला वीस मिनिटं लागायची. आता आवराआवर सहा-सात मिनिटं, डबा रिकामा करायला दोन. म्हणजे अकरा-बारा मिनिटं वाचतात. शिवाय जमीन रोज मोकळी करायची म्हणून घरात पसारा कमी पडतो. हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नव्हता.

पण दहा बाय बाराची खोली असेल, वन आरके असेल, तर झाडू चार मिनिटांत फिरतो. तिथे रोबोचं काय काम? चौघे मित्र फ्लॅट शेअर करत असाल, तर आणखी एक विचार करा. भांडण केराचं नसतं, पाळीचं असतं. उद्या "डबा कोण रिकामा करणार" यावरून तेच भांडण होईल, फक्त तीस हजार रुपये खर्चून.

मावशींचं काय?

हा भाग मी मुद्दाम सावकाश बोलले होते, वाचतानाही सावकाश वाचा.

खूप जणांच्या हिशेबात एक ओळ असते: "केर-लादीच्या बाईंचे महिन्याचे पैसे वाचतील, वर्षा-दीड वर्षात यंत्राची किंमत वसूल." कागदावर बरोबर दिसतं. पण दोन प्रश्न आहेत.

पहिला व्यवहाराचा. मावशी फक्त जमीन झाडत नाहीत. त्या बाथरूमची पायरी घासतात, दारामागचं जळमट काढतात, खिडकीचा कट्टा पुसतात, पलंगाखालची बॅग सरकवून मागचं काढतात, सांडलेलं तेल पुसतात. यातलं एकही काम रोबो करत नाही. म्हणजे त्यांना बंद केलंत तर उरलेलं काम तुमच्याकडे येतं, किंवा खरं बोलायचं तर बऱ्याचदा घरातल्या बाईकडे येतं.

दुसरा प्रश्न माणसाचा. त्या चार-पाच घरांच्या पैशांवर महिना बसवतात. त्यातलं एक घर पुढच्या आठवड्यापासून अचानक बंद म्हणजे कुणाची तरी फी थांबते. आमच्याकडे यंत्र यायच्या आधी मी आमच्या मावशींना सरळ विचारलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "पैसे कमी करणार का, ते आत्ताच सांगा." आणि, "ते लादी पुसतं का? केर काढायला काही नाही हो, पुसायला बसलं की कंबर जाते."

मला वाटलं होतं त्या यंत्रावर नाराज होतील. त्यांना यंत्राचं काही नव्हतं. त्यांना पैशांचं काय ते वेळेवर कळायला हवं होतं. शेवटी असं ठरलं की रोजचा केर यंत्र काढेल, लादी त्या एक दिवसाआड उभ्याने मॉपने पुसतील, आणि वाचलेल्या वेळात पंखे, जाळ्या, बाथरूम. पैसे तेवढेच. मग माझे पैसे कुठे वाचले? नाही वाचले. घर जास्त स्वच्छ झालं आणि त्यांची कंबर थोडी वाचली. मला हा सौदा पटला. तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. पण तुमचा हिशेब जर कुणाच्या पगारावर उभा असेल, तर यंत्राची ऑर्डर देण्याआधी त्या माणसाशी बोला आणि निदान महिनाभर आधी सांगा. एवढं आपण करू शकतो.

गावी आई-बाबांसाठी घ्यायचा विचार असेल तर

हा प्रश्न पुणे-मुंबईत, बेंगळुरूत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा असतो. "आईचे गुडघे दुखतात, तिला वाकायला नको, म्हणून पाठवतोय." भावना एकदम खरी. पण तीन गोष्टी बघा.

एक, यंत्रावर साधं बटण हवं. दाबलं की सुरू, दाबलं की घरी परत. ॲप तुमच्या फोनवर राहू द्या, आईच्या डोक्याला ताप नको. दोन, केराचा डबा काढायला वाकावंच लागतं. गुडघ्यांसाठीच घेत असाल, तर केर स्वतः ओढून पिशवीत भरणाऱ्या स्टेशनचं मॉडेल बघा. ती पिशवी काही आठवड्यांनी एकदाच बदलायची असते. केर ओढताना ते काही सेकंद मोठ्याने घरघरतं, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुपारी झोपलेले बाबा दचकतील. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीवर फिरणारी वस्तू म्हातारपणी पाय अडखळायला कारण होऊ शकते. नजर कमजोर असेल, काठी घेऊन चालत असतील, तर सगळे एका जागी बसलेले असतानाच ते चालू करायचं. वेळापत्रक लावून मोकळं सोडायचं नाही.

डोळे असलेलं यंत्र घरात आणताना

ज्याला कॅमेरा आहे, माइक आहे, वायफाय आहे, ते यंत्र म्हणजे घरात फिरणारा फोनच. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने एक बातमी दिली होती. रूम्बाच्या चाचणीसाठी दिलेल्या यंत्रांनी टिपलेले घरातले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचाही फोटो, सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये पोचले होते. फोटोंवर खुणा करण्याचं काम ज्यांना दिलं होतं, त्या कामगारांकडून ते बाहेर पडले. कंपनीचं म्हणणं होतं की ती विक्रीची यंत्रं नव्हती, आणि वापरणाऱ्यांनी संमती दिली होती. २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतले इकोव्हॅक्सचे रोबो हॅक झाले, आणि त्यांच्या स्पीकरमधून शिव्या ऐकू आल्या.

घाबरवायला सांगत नाहीये. पण लेझरवालं, कॅमेरा नसलेलं मॉडेल मिळत असेल तर मी तेच घेईन. कॅमेऱ्याचं घेतलंत तर पासवर्ड वेगळा ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर चालू करा, अपडेट टाळू नका, बेडरूम-बाथरूमला नो-गो झोन लावा. आणि यंत्र कुणाला विकताना आधी ॲपमधून काढा आणि रीसेट करा. तुमच्या घराचा नकाशा त्याच्या पोटात असतो.

आणखी एक. ॲप कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. नीटो नावाची या क्षेत्रातली चांगली नावाजलेली कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. कंपनी गेली की ॲपचं भविष्य टांगणीला. म्हणून इंटरनेट नसतानाही बटणाने चालतं का, हे विचारूनच घ्या.

मग ठरवायचं कसं?

माझ्या मते घ्यावा: परातीच्या परीक्षेत घर पास झालं असेल, घर एका पातळीत असेल, दोन-तीन खोल्या असतील, रस्त्याची किंवा शेजारच्या बांधकामाची धूळ रोज येत असेल, आणि रोज पाच-सात मिनिटं आवराआवर करायची तयारी असेल.

थांबावं: घर छोटं किंवा उंबऱ्यांचं असेल, जमिनीवर सतत माणसं आणि सामान असेल, रांगणारं बाळ असेल, किंवा खरेदीसाठी ईएमआयने ओढाताण होणार असेल. तेवढ्यात हातात धरायचा साधा कॉर्डलेस व्हॅक्यूम किंवा उभ्याने पुसायचा चांगला मॉप बऱ्याच कमी पैशांत येतो, आणि तो पलंगावरही चढतो, जिन्यावरही.

आणि घ्यायचं ठरलंच तर पैसे भरण्याआधी पाच प्रश्न. तुमच्या पिनकोडला सर्व्हिस मिळते का? बॅटरी, ब्रश, फिल्टर सुटे विकत मिळतात का? वॉरंटीत बॅटरी किती महिने आहे? बिघडलं तर माणूस घरी येतो की पार्सल आपणच पाठवायचं? आणि परत करायची मुदत किती दिवस? मुदत आहे तोवर रोज चालवून बघा, सगळ्या खोल्यांत. खोका आणि थर्माकोल तोवर टाकू नका.

बॅटरी थकली की ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायची. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते, आणि तिथेही कुणीतरी माणूसच काम करत असतो.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो. काही घरांत आता तिच्या शेजारी रोबोलाही हळदकुंकू लागतं, आणि का लागू नये? पण केरसुणी काढून टाकायची घाई करू नका. कोपरे तिच्याकडेच आहेत.

तर मंडळी, आज संध्याकाळी परात काढा आणि घरभर फिरवा. निकाल काय लागला ते व्हॉइस नोटवर पाठवा, घराचं माप आणि उंबऱ्यांची संख्या सांगायला विसरू नका. निवडक घरांचे निकाल पुढच्या भागात ऐकवीन. तोवर, भेटूया!